रामेन काउंटर, सिडको, छत्रपती संभाजीनगर : कामाच्या नोंदी

12 जानेवारी 2025, रविवार

जागा ठरली. कॅनॉटच्या मागच्या रस्त्याला, तळमजला, 22 बाय 14 फूट. आधी इथं झेरॉक्सचं दुकान होतं, भिंतीवर स्पायरल बाइंडिंगचे दर अजून दिसतात. एक लांब फळी, 12 खुर्च्या, अलीकडे खाणारे आणि पलीकडे आम्ही. टेबलं ठेवायची नाहीत. रामेन म्हणजे रश्श्यातल्या जपानी शेवया. त्या वाडग्यात पडल्या की दर मिनिटाला मऊ होत जातात, म्हणून वाडगं हातातून हातात गेलं पाहिजे. जपानात फुकुओका शहराच्या हाकाता भागात अडीच वर्षं मी नऊ खुर्च्यांच्या दुकानात काम केलं. तिथं शेगडीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत सहा पावलं होती. इथं सात होतील.

दादा जागा बघायला आला. माझा आतेभाऊ, औरंगपुऱ्यात 11 वर्षं मुलांची मेस चालवलेला. भाडं विचारायच्या आधी त्यानं मालकांना विचारलं, "पाणी कसंय?" नळ आठव्या दिवशी, बोअर 400 फुटांवर, उन्हाळ्यात टँकर. वहीतली पहिली ओळ मी तीच लिहिली.

मी औशाकडची. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा लातूरलाच शिकत होते. चौघींच्या खोलीत दिवसाला दोन घागरी. एका वाडग्यात 300 मिलिलिटर रस्सा, त्या रश्श्यासाठी आटवलेलं पाणी वेगळं, शेवया उकळायचं वेगळं, भांड्यांचं वेगळं. हा धंदा इथं करायचा तर थेंबाचा हिशेब लागेल.

19 जानेवारी

तीन बाटल्या आणून तपासल्या. नळाचं, म्हणजे जायकवाडीचं पाणी: टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, 290, कठीणपणा लिटरला 170 मिलिग्रॅम. बोअरचं: 1180 आणि 610. वीस लिटरच्या जारचं: 70 आणि 30.

मग तिन्ही पाण्यांत कोंबू भिजवला. कोंबू म्हणजे सुकवलेलं समुद्री शेवाळ, जाड पट्ट्यांचं, मुंबईहून मागवलेलं. लिटरला 10 ग्रॅम, 60 अंशांवर एक तास. जारच्या पाण्यात फिकट सोनेरी अर्क उतरला, घोट गिळल्यावरही चव जिभेच्या मागं राहिली. बोअरच्या पाण्यावर राखाडी फेस आला, पट्टी चामड्यासारखी चिवट राहिली आणि अर्क नुसता खारट मचूळ. पाण्यातलं कॅल्शियम शेवाळाच्या पृष्ठभागावरच बसतं आणि आतली चव बाहेर येऊ देत नाही. जपानात बहुतेक ठिकाणी पाणी मऊ असतं. नद्या आखूड, उताराच्या, पाणी दगडात फार दिवस मुरत नाही. आपल्याकडं ते काळ्या पाषाणात वर्षानुवर्षं थांबतं. फोनवर आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे तुला जपानात जाऊन कळलं व्हय?"

ठरलं: दोन टाक्या, एक रांधायची, एक धुवायची. रांधायचं पाणी नळाचं, आरओमधून काढलेलं. आरओतून बाहेर पडणारं जड पाणी गटारात सोडायचं नाही. त्याला तिसरी छोटी टाकी, त्यातून फरशी आणि भांड्यांचा पहिला हात.

2 फेब्रुवारी

शेवया. चार दिवस, अकरा घाणी, एकही मनासारखी नाही.

रामेनची शेवई साध्या मैद्याच्या नूडलपेक्षा वेगळी का, तर तिच्यात खार असतो. जपानीत कान्सुई म्हणतात. मुख्यतः सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट. त्यानं पीठ घट्ट होतं, दाताखाली उसळी मिळते आणि रंग आपोआप पिवळसर येतो. हळदीच्या डागाला साबण लागला की रंग फिरतो, तसाच प्रकार, गव्हातले रंगकण खारात पिवळे होतात.

कान्सुई मागवायचा तर महाग आणि बेभरवशाचा. म्हणून खायचा सोडा पसरट ताटात घालून भट्टीत 130 अंशांवर तासभर ठेवला. 100 ग्रॅमचे 64 ग्रॅम उरले, म्हणजे सोड्याचा कार्बोनेट झाला. पूर्ण झाला तर हिशेबानं 63 उरायला हवेत. ही पूड हातानं धरायची नाही, कातडी सोलते. किलोला 12 ग्रॅम, मीठ 10 ग्रॅम, पाणी 340. इतक्या कमी पाण्यात पिठाचा गोळा होतच नाही, ओल्या रव्यासारखा चुरा होतो. दादा परातीत बघून म्हणाला, "हे सुटतंय गं, पाणी घाल." पाणी घातलं असतं तर शेवई लिबलिबीत झाली असती. घातलं नाही. पण रुळातून पट्टी काढली की कडा फाटायच्या आणि उकळल्यावर शेवई ताणली की तुटायची. मैद्यातच जोर कमी आहे.

9 फेब्रुवारी

आई आली. येताना उन्हाळी शेवयांसाठी ठेवलेल्या बन्सी गव्हाचं सपीट घेऊन आली, पाच किलो, पातळ सुती कापडातून गाळलेलं.

आईनं चुरा मुठीत दाबला, उघडला, अंगठ्यानं मोडला. दोनदा. मग म्हणाली, "मुरू दे की. आत्ता भिजवलं अन् आत्ताच रुळात घालतीस." ओलं फडकं घालून तीन तास ठेवला. नंतर पोत्यात बांधून पायानं तुडवला, जपानात उदोन नावाच्या जाड शेवयांना असंच करतात आणि आमच्या गल्लीत शेवयांचं पीठ मुसळानं कुटायच्या बायका. मग पट्टी रुळातून काढली, दुमडली, पुन्हा काढली. पाचव्या वेळेला ती ओल्या चामड्याच्या पट्ट्यासारखी अखंड निघाली, कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. मैदा 80 टक्के, बन्सीचं सपीट 20. मी 22 नंबरची कातर लावली. जपानी हिशेबात 30 मिलिमीटर रुंदीत जितक्या शेवया निघतात तो कातरीचा नंबर, म्हणजे ही शेवई जेमतेम 1.4 मिलिमीटरची. हाकाताची याहून बारीक असते, पण आपल्या पिठाला हीच झेपते.

उकळत्या पाण्यात 70 सेकंद. आईनं एक शेवई बोटांवर घेऊन ताणली, ती वीतभर लांबली आणि मग तुटली. तिनं विचारलं, "खार किती घातलास?" बारा ग्रॅम म्हटल्यावर, "दहा घाल. मागून जिभेला लागतोय." दहावर आले. आईचं बरोबर होतं. तिनं पापडखारही आणला होता, पण विकतच्या पापडखारात काय किती असतं ते पुडीगणिक बदलतं, म्हणून भाजलेला सोडाच ठेवला.

आजची तारीख मी वहीत लाल पेनानं लिहिली आहे.

16 फेब्रुवारी

हाकाताचा रस्सा डुकराच्या हाडांचा, तोन्कोत्सु. ते इथं करायचं नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. कोंबडीच्या हाडांचाही तसाच दुधाळ रस्सा होतो, तोरी पाइतान. पाठीची हाडं 10 किलो, पाय 2 किलो, आधी एक उकळी देऊन ते पाणी फेकायचं, प्रत्येक पाठीतलं रक्त अंगठ्यानं खरवडून धुवायचं, मग मोठ्या आचेवर सहा तास खळखळ उकळायचं. मंद आचेवर रस्सा नितळ राहतो. खळखळीत चरबीचे बारीक कण होतात आणि पायांतून सुटलेलं जिलेटिन त्यांना धरून ठेवतं, म्हणून तो पांढरा.

पहाटे साडेपाचला दादा मला शहागंजच्या मागच्या गल्लीत नहारी खायला घेऊन गेला. रात्रभर देगेत मुरलेला रस्सा, वर तेलाचा लाल थर, ओठ एकमेकांना चिकटतील इतका दाट. नान-खलिया आणि नहारीच्या या शहराला हाडांचा रस्सा मी काय शिकवणार! देगेजवळच्या चाचांना विचारलं की रस्सा जड होऊन तळाला का लागत नाही. ते म्हणाले, "बेटी, पहले दो घंटे हड्डी को छोड़ना नहीं. बाद में वो खुद संभल जाती है." मी आल्यापासून पहिले दोन तास झारा सोडत नाही. तळ लागलेला नाही.

2 मार्च

शाकाहारी वाडगं. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जाऊ दे.

दादाच्या मेसचा अनुभव सांगतो की सोमवार, गुरुवार, शनिवार निम्मी मुलं वार पाळतात, शिवाय माळकरी घरांतली मुलं वेगळी. त्यांना भाज्यांचं उकळलेलं पाणी देऊन भागायचं नाही. जपानात सोयाच्या दुधाचं रामेन असतं. आणि सोयाबीन तर आमच्या बांधावर आहे. लातूरच्या बाजारात पोत्यांची थप्पी लागते, भावासाठी शेतकरी ताटकळतात, आणि ते सगळं तेलाला आणि पेंडीला जातं. आमच्या घरी दरवर्षी पिकतं, पण ते ताटात आलेलं मी लहानपणी कधी पाहिलं नाही. वास येतो म्हणून.

त्या वासावर दहा दिवस काम केलं. भिजवलेलं सोयाबीन गार पाण्यात वाटलं की दाण्यातलं एक एन्झाइम तेलाशी भिडतं आणि कच्च्या शेंगेचा उग्र वास सुटतो. उपाय सोपा निघाला: भिजलेले दाणे थेट उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकायचे, सालं चोळून काढायची आणि गरम पाण्यातच वाटायचं. एन्झाइम मरतं, वास येत नाही. मग फडक्यातून गाळून, ढवळत ढवळत वीस मिनिटं उकळायचं, कच्चं राहिलं तर पोटाला बाधतं. एक किलो दाण्यांचं साडेसात लिटर दूध. पहिला पेला मी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. ते म्हणाले, "आपल्या शेतातलं?" हो, आपल्याच शेतातलं, आई येताना अर्धं पोतं घेऊन आली होती.

मंगळवारी मदतीला आलेल्या मुलानं चुकून धुवायच्या टाकीचं पाणी घेतलं. दूध उकळताना ठीक होतं, पण वाडग्यात सोया सॉस पडला आणि वर दाणेदार कणी धरली, फाटलेल्या ताकासारखी. पुन्हा पाणी! कॅल्शियमवरच तर टोफू जमतो. आता दोन्ही टाक्यांच्या नळांना रंग दिला, रांधायचा निळा, धुवायचा लाल. आणि सॉस घातल्यावर दूध परत शेगडीवर ठेवायचं नाही.

9 मार्च

तारे, म्हणजे वाडग्याच्या तळाशी घालायचा खारट अर्क. रश्श्यात मीठ नसतं, चव सगळी यात. पारंपरिक आंबवलेला जपानी सोया सॉस, कोंबू, सुकी शिताके अळंबी. गोडीला तिथं मिरिन वापरतात, त्यात मद्य असतं, म्हणून मी गुळाचा खडा घातला. जमलं. कोंबूतलं ग्लुटामेट 1908 साली किकुनाए इकेदांनी शोधलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. त्याच्याबरोबर शिताके आली की चव बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढते. शाकाहारी वाडगं या जोडीवर उभं आहे.

वरच्या तेलाला करडई. आईकडच्या घाण्याचं, त्यात लसूण आणि तीळ. मांसाहारी वाडग्यात आठवडी बाजारातल्या सुकटाचं तेल करून बघितलं, एक चमचा पुरतो.

16 मार्च

दादाशी वाद. त्याचं म्हणणं, एक शेजवान रामेन ठेवू, एक काळ्या मसाल्याची तर्री घालून ठेवू, मुलं तेच मागतील. त्याचा अंदाज चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, त्यानं हजारो ताटं वाढलीत. पण माझं म्हणणं मी मांडलं. रामेन जपानातही बाहेरूनच आलं. 1910 साली टोकियोच्या आसाकुसा भागात राइराइकेन हे दुकान उघडलं तेव्हा तिथं योकोहामाचे चिनी आचारी होते. मग साप्पोरोनं त्यात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, आणला, हाकातानं डुकराची हाडं, हाकोदातेत मिठाचा नितळ रस्सा. प्रत्येकानं आपल्या गावचं घातलं, पण वाडग्याची शिस्त तीच ठेवली: तारे, रस्सा, तेल, शेवया, वरचं. आपण बन्सी घातलाय, करडई घातलीय, सोयाबीन घातलंय. तर्री वरून ओतली की सहा तासांचा रस्सा कुणालाच लागणार नाही.

शेवटी तडजोड अशी: फळीवर वाटीत तिखट तेल. आधी दोन घोट तसाच रस्सा, मग ज्यानं त्यानं घालावं. पाटी मराठीत. अजिंठा-वेरूळला येणारे जपानी पाहुणे आले तर आनंदच, पण आपण रांधतोय ते क्रांती चौकात रिक्षाची वाट बघणाऱ्यांसाठी.

19 मार्च

काल रात्री 16 लिटर रस्सा गेला. अकराला लाईट गेली ती पाचला आली. पण दोष लाईटचा नाही, माझा आहे. रस्सा एकाच मोठ्या भगुण्यात कोमट असतानाच फ्रिजमध्ये ठेवला होता. वरून गार लागत होता, मधोमध रवी घातली तर आत ऊब. सकाळी झाकण काढताच आंबूस वास. 12 किलो हाडं, सिलिंडरचा मोठा हिस्सा, 40 लिटर चांगलं पाणी. मुलगा म्हणाला, ताई, उकळून घेऊ. नाही. ओतून दिला.

आजपासून: रस्सा गाळल्याबरोबर तीन-तीन लिटरच्या पसरट डब्यांत, डबे बर्फाच्या परातीत, दोन तासांत 20 अंशांखाली आलाच पाहिजे, मग फ्रिज. थर्मामीटर दोरीनं फ्रिजला बांधला.

30 मार्च, पाडवा

आज उघडायचं होतं. रुळाचं बेअरिंग गेलं, सुटा भाग पुण्याहून यायचाय. फळीशेजारी गुढी उभारली, आईनं शेवयांची खीर केली. नळ आला, टाकी भरली.

अंड्यांचं जमलं. हाकातात साडेसहा मिनिटांत बलक मधासारखा राहायचा, इथं तेवढ्याच वेळात पांढराही सैल. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटरवर, पाणी 98 अंशांनाच उकळतं. सात मिनिटं केली. सोललेली अंडी रात्रभर सोया, गूळ आणि पाण्यात.

9 एप्रिल, बुधवार

चाचणी. मुद्दाम बुधवार, बहुतेकांचा वार नसतो. दादाच्या जुन्या मेसची मुलं, शेजारचे दुकानदार, मालक आणि मालकीणबाई. 46 वाडगी, पैकी 19 सोयाची.

काड्या बाराजणांनी मागितल्या, बाकीच्यांना काटे. भुरके मारत खा, असं मी फळीवरून सांगत होते, शेवई हवा ओढत तोंडात गेली की तिचा वास खुलतो आणि भाजत नाही. पहिली दहा मिनिटं सगळे दबून होते, मग कोपऱ्यातल्या एका मुलानं मोठा भुरका मारला आणि आवाज सुरू झाला. मला हाकाताचं दुकान आठवलं, डोळे भरून आले, मी शेगडीकडं वळले.

एक पेच पडला. हाकातात रस्सा उरला की लोक नुसत्या शेवया पुन्हा मागवतात, काएदामा म्हणतात. फुकुओकातल्याच नागाहामाच्या मासळीबाजारातल्या घाईतल्या माणसांची ही रीत: शेवई बारीक, लवकर शिजते, लवकर मऊही होते, म्हणून थोडी थोडी घ्यायची. रस्सा मात्र दुसऱ्यांदा मिळत नाही. आपल्याकडं नेमकं उलटं, भाकरी मोजून आणि रस्सा हवा तेवढा. आठ जणांनी सहज म्हटलं, "ताई, रस्सा वाढा की." सहा तासांचा रस्सा असा वाढला तर महिनाभरात दुकान बंद. नाही म्हणताना मला जड गेलं.

मग मालकांनी त्यांच्या उरलेल्या रश्श्याकडं बघत विचारलं, "भाकरी आहे का?" आईनं आमच्यासाठी ज्वारीच्या थापलेल्या होत्या. त्यांना चतकोर दिली. त्यांनी ती वाडग्यात चुरली, बोटांनी कालवली, अंड्याचा उरलेला बलक त्यात मोडला आणि वाडगं पुसून खाल्लं. जपानातही उरलेल्या रश्श्यात भात घालतात. शेजारच्या दोघांनी लगेच मागितली. मी सोयाच्या रश्श्यात करून बघितली, ज्वारीचा गोडवा सोयाला जास्त धरतो.

13 एप्रिल

पाण्याचा हिशेब. चाचणीच्या दिवशी एकूण 640 लिटर, म्हणजे वाडग्याला जवळजवळ 14. फार झालं. कुठं गेलं ते शोधलं. तेलकट वाडगी धुण्यात निम्मं. शेवयांचं भगुणं 40 लिटरचं, दोनदा बदललं.

त्या भगुण्यातल्या पाण्यात स्टार्च आणि सोडा दोन्ही असतात, तेलकटपणा तेच काढतं. आजपासून ते गरम असतानाच मोठ्या टबात, त्यात वाडगी बुडवायची, मग आरओच्या उरलेल्या पाण्याचा हात, शेवटी चांगल्या पाण्याची एक धार. आज घरच्या माणसांची 20 वाडगी करून मोजलं: वाडग्याला 8 लिटर. अजून एक तरी कमी व्हायला हवा.

16 एप्रिल, बुधवार

उघडलं. साडेसहा ते दहा, 58 वाडगी. एका आजींनी नातवाबरोबर येऊन सोयाचं वाडगं घेतलं आणि शेवटी विचारलं, "शेवया घरच्या ना गं?" आईला बाहेर बोलावून त्यांच्यासमोर उभं केलं.

पाटीवर दादानं खडूनं शेवटची ओळ वाढवली: चतकोर ज्वारीची भाकरी, 10 रुपये. वाढीव शेवया, 40 रुपये.

19 एप्रिल, शनिवार

वाराचा दिवस, सोयाची 41. साडेआठला संपलं, सात जण परत गेले. सोमवारसाठी उद्या रात्री तीन किलो सोयाबीन भिजवायचं. उन्हाळ्यात सहा तासांवर ठेवायचं नाही, आंबतं, भिजवणीचं पाणी एकदा बदलायचं. बन्सीचं सपीट आठ दिवसांचं उरलंय, बाबांना निरोप दिला. नळ बुधवारी येणार, मधे एक टँकर लागेल. टँकरचं पाणी आलं की आधी टीडीएस मीटर लावायचं, मगच टाकीत.